पराभूताचे भाषण

५ नोव्हेंबर २००८ चा तो बुधवार. दिवाळीच्या सुटीचे दिवस होते. फराळाचे डबे तळाशी आले होते आणि सकाळची वृत्तपत्रे पंडित भीमसेन जोशी यांना जाहीर झालेल्या 'भारतरत्न'च्या बातमीने भरून गेली होती. एरव्ही त्या दिवशी महाराष्ट्रातल्या माणसाचे लक्ष दुसऱ्या कोणत्या बातमीकडे जाण्याचे कारण नव्हते. परंतु आमच्या घरातला दूरचित्रवाणी संच पहाटे साडेपाचपासूनच सुरू होता. आपल्याकडे बुधवार उजाडत होता, तेव्हा अमेरिकेत मंगळवारची संध्याकाळ होती आणि तेथील मतदान केंद्रे पूर्वेकडून एकामागून एक बंद होत होती. पावणेदोन शतकांहून अधिक काळ गुलामगिरी कायद्याने चालू असलेल्या त्या भूमीवर एक कृष्णवर्णीय गृहस्थ राष्ट्राध्यक्ष होतो की काय, हे पाहण्यासाठी अर्धे जग जागे होते. आम्हीही त्यांतलेच.

शेजारी राहणारे एक निवृत्त अव्वल कारकून चहाचा कप हातात घेऊनच आमच्याकडे आले. तहसील कचेरीतल्या नोकरीत त्यांनी लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत कितीतरी निवडणुकांची मोजणी केली होती. पन्नास-पन्नास मतपत्रिकांचे गठ्ठे बांधून त्यांच्या बोटांना जी सवय लागली होती, ती निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. समोर रद्दी आली की ते नकळत गठ्ठे लावीत. अमेरिकेची मोजणी पाहताना मात्र त्यांना काही केल्या चैन पडेना. "अजून पेट्या उघडल्या नाहीत आणि हे निकाल सांगतात कसे?" असे त्यांनी दोन-तीनदा तरी विचारले असेल.

त्यांची शंका रास्त होती. निकाल अधिकृतपणे जाहीर करणारा आपल्यासारखा निवडणूक आयोग अमेरिकेत नाही. प्रत्येक राज्य आपली मोजणी आपल्या कायद्याने आणि आपल्या गतीने करते. त्या रात्री निकाल सांगतात त्या वृत्तवाहिन्या, आणि तोही मोजलेल्या मतांवरून बांधलेल्या अंदाजाने. कायदेशीर निकाल पुढे कित्येक आठवडे आकार घेत असतो. राज्ये आपले आकडे प्रमाणित करतात, डिसेंबरात निर्वाचक मंडळातील ५३८ निर्वाचक आपापल्या राज्यात मते देतात आणि जानेवारीत अमेरिकी संसदेच्या संयुक्त बैठकीत ती मोजली जातात. तरीही रात्री बारा वाजण्यापूर्वीच सारे जग नव्या अध्यक्षाचे अभिनंदन करून मोकळे होते. हे कशाच्या बळावर होते, याचा उलगडा मला त्या सकाळी झाला, आणि तो विजेत्याकडून न होता पराभूताकडून झाला.

आठच्या सुमारास ओहायो राज्य बराक ओबामा यांच्याकडे गेल्याचे सांगण्यात आले. १९६४ नंतर कधीही डेमोक्रॅटिक पक्षाकडे न गेलेले व्हर्जिनिया राज्यही त्यांना मिळाले. एके काळी याच व्हर्जिनियातील रिचमंड शहर गुलामगिरी राखण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेची राजधानी होते. साडेनऊला पश्चिम किनाऱ्यावरचे मतदान संपले आणि त्याच क्षणी पडद्यावर ओबामांचे नाव झळकले. शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये जमलेल्या लाखो लोकांच्या समुदायाचा एकच कल्लोळ ऐकू आला. गर्दीत जेसी जॅक्सन यांचा चेहरा दिसला. १९६८ साली मेम्फिस येथे मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला तेव्हा ते तेथे होते; पुढे १९८४ आणि १९८८ मध्ये त्यांनी स्वतः अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्रयत्न केला होता. ते रडत होते. तो चेहरा पाहून आमच्या बैठकीतही कोणी काही बोलले नाही.

त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी ॲरिझोनातील फिनिक्स शहरातून जॉन मॅकेन बोलू लागले. व्हिएतनामच्या युद्धात साडेपाच वर्षे कैदेत काढलेला, बहात्तर वर्षांचा हा माणूस हिरवळीवर जमलेल्या आपल्या समर्थकांसमोर उभा होता. आपण ओबामांना दूरध्वनी करून त्यांचे अभिनंदन केले आहे, असे त्यांनी सांगताच श्रोत्यांतून हेटाळणीचे सूर उठले. मॅकेन यांनी दोन्ही हात उंचावून त्यांना शांत केले. मग त्यांनी एक शतकापूर्वीची आठवण काढली: अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बुकर टी. वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञाला भोजनाचे निमंत्रण दिले, तेव्हा अनेकांना तो देशाचा अपमान वाटला होता. त्या अमेरिकेपासून आजची अमेरिका किती दूर आली आहे, याचा पुरावा म्हणजे आजचा निकाल, असे ते म्हणाले. दोनच दिवसांपूर्वी ओबामांच्या वृद्ध आजी निवर्तल्या होत्या. नातवाला हा दिवस दिसला पण आजीला नाही, याबद्दल त्यांनी हळहळ व्यक्त केली. पराभवाची जबाबदारी आपली, समर्थकांची नव्हे, हेही सांगितले. ज्याने आपल्याला हरवले तो यापुढे आपलाही अध्यक्ष असेल, हा त्या भाषणाचा गाभा होता.

भाषण संपले. शेजाऱ्यांनी रिकामा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "झाली मोजणी."

वस्तुतः मोजणी मुळीच झालेली नव्हती. मिसुरी राज्याचा निकाल तर जवळजवळ दोन आठवड्यांनी लागला. परंतु जन्मभर मोजणी केलेल्या त्या माणसाला जे कळले होते, ते राज्यशास्त्राच्या पुस्तकातून सहसा कळत नाही. मते मोजतो कारकून. पण ती मोजणी खरी ठरते ती हरलेल्याने मान्य केल्यावर. तोवर कागदावर नुसते आकडे असतात.

पराभव मान्य करण्याचे असे कोणतेही कलम अमेरिकेच्या राज्यघटनेत नाही. १८९६ साली विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी विजयी प्रतिस्पर्धी मॅकिन्ली यांना अभिनंदनाची तार केली आणि तेथून ही प्रथा रूढ झाली, असे मानतात. म्हणजे मुळात हा एक शिष्टाचार. शिष्टाचाराला आपण फारसे महत्त्व देत नाही. ते वरवरचे, मोठ्या लोकांचे उपचार असे समजतो. परंतु हा शिष्टाचार जेव्हा पाळला जात नाही, तेव्हा त्याची किंमत कोण मोजतो, हे पाहिले म्हणजे त्याचे मोल कळते.

त्या दुपारी मी कपाटातून महात्मा फुले यांचे 'गुलामगिरी' काढले. १८७३ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक जोतीरावांनी कोणाला अर्पण केले, हे आपल्या शाळांतून क्वचितच सांगितले जाते. गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना त्यांनी ते अर्पण केले आहे, आणि आपले देशबांधवही शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवतील, अशी आशा व्यक्त केली आहे. पुण्यात बसून एका शिक्षकाने सातासमुद्रांपलीकडल्या लोकांशी जोडलेले हे नाते होते. शिकागोतल्या त्या अश्रूंशी आपला काय संबंध, असे विचारणाऱ्याला मराठी माणसाने हे अर्पणपत्र दाखवावे.

पण त्या अर्पणपत्राच्या पुढे काय घडले? जोतीराव ते लिहीत होते तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेतील मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना मताचा अधिकार मिळून तीनच वर्षे झाली होती. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने तो दिला होता, आणि संघराज्याचे सैन्य त्याचे रक्षण करीत होते. १८७६ साली अध्यक्षपदाची निवडणूक झाली. सॅम्युएल टिल्डन यांना देशभरात मते अधिक मिळाली. परंतु फ्लोरिडा, लुइझियाना आणि साउथ कॅरोलायना या राज्यांतून परस्परविरोधी निकालपत्रे आली. दोन्ही पक्ष निकाल मानायला तयार होईनात. चार महिने घोळ चालला. अखेर मार्च १८७७ मध्ये १८५ विरुद्ध १८४ अशा एका निर्वाचकाच्या फरकाने रदरफोर्ड हेझ यांना अध्यक्ष ठरविण्यात आले. आणि पडद्यामागे झालेल्या समजुतीनुसार दक्षिणेत उरलेल्या सैन्याने आपले संरक्षण काढून घेतले. पाठोपाठ साक्षरतेच्या परीक्षा, मतदानावरचे कर आणि निव्वळ दहशत यांच्या जोरावर कृष्णवर्णीयांचे मत हिरावले गेले. ते खऱ्या अर्थाने परत मिळायला १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला. पराभव कोणी मानायचा, या दोन बड्या पक्षांच्या भांडणाचा निकाल लागला आणि त्याचा भुर्दंड मात्र सुमारे नव्वद वर्षे ज्यांनी सोसला, ते त्या वाटाघाटीच्या खोलीत नव्हतेच.

२००८ च्या त्या सकाळी आपल्याला वाटले होते की हे सारे मागे पडले. वर्णाचा प्रश्न अमेरिकेने सोडवला, असे अग्रलेख जगभर लिहिले गेले. तो भाबडेपणा होता, हे पुढील वर्षांनी दाखवून दिले. इतिहास असा एका रात्रीत निकालात निघत नसतो.

३ नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प ३०६ विरुद्ध २३२ असे हरले. त्यांनी न्यायालयात धाव घेतली, यात गैर काहीच नव्हते. हरलेल्याने मुकाट्याने मान खाली घालावी, असे कोणी म्हणणार नाही. २००० साली अल् गोर फ्लोरिडातील अवघ्या ५३७ मतांसाठी छत्तीस दिवस लढले. त्या रात्री तर त्यांनी आधी बुश यांना दूरध्वनी करून पराभव मान्य केला आणि काही वेळाने पुन्हा दूरध्वनी करून तो मागे घेतला! पण १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला आणि तो पटला नसूनही दुसऱ्याच दिवशी गोर यांनी देशासमोर येऊन पराभव स्वीकारला. पुढे ६ जानेवारी २००१ रोजी उपाध्यक्ष या नात्याने संसदेत निर्वाचकांच्या मतांची मोजणी त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाली. त्यांच्या बाजूने हरकती घ्यायला उठलेल्या सभासदांना नियमावर बोट ठेवून त्यांनी स्वतःच खाली बसविले. तक्रार करण्याचा हक्क आणि निकाल मानण्याचे कर्तव्य ही दोन्ही एकाच माणसाच्या ठायी कशी नांदू शकतात, याचा हा वस्तुपाठ होता.

२०२० मध्ये तसे झाले नाही. साठांवर खटले दाखल झाले. निकाल फिरेल असे त्यांतून काहीही निष्पन्न झाले नाही. जॉर्जिया राज्यातील मते तीनदा मोजली गेली, त्यांत एकदा हाताने. तरी फरक ११,७७९ मतांचा राहिला. २ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प यांनी तेथील निवडणुकीचे प्रमुख अधिकारी ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना दूरध्वनी करून ११,७८० मते शोधण्यास सांगितले. अधिकारी त्यांच्याच पक्षाचे होते. त्यांनी नकार दिला. चार दिवसांनी, ६ जानेवारीला, जमाव संसदेच्या इमारतीत घुसला, मोजणी बंद पडली आणि उपाध्यक्ष माइक पेन्स यांना सुरक्षित ठिकाणी हलवावे लागले. मोजणी पुन्हा सुरू होऊन ती पूर्ण झाली तेव्हा दुसऱ्या दिवसाची पहाट होत आली होती.

हा सारा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. परंतु त्यातील एक लहानसा प्रसंग मला या सर्वांहून बोलका वाटतो. जॉर्जियातील अटलांटा शहरात मोजणीच्या कामावर एक आई आणि तिची मुलगी होत्या. मुलगी निवडणूक कचेरीतली कायम कर्मचारी, आई हंगामी. दोघीही कृष्णवर्णीय. मोजणीच्या खोलीतल्या कॅमेऱ्यात आई मुलीच्या हातात काहीतरी देताना दिसली. हीच ती मतांची चोरी, असा गवगवा करण्यात आला. स्वतः अध्यक्षांनी त्या दूरध्वनीत आईचे नाव पुनःपुन्हा घेतले. धमक्यांचा असा भडिमार झाला की आईला घर सोडून राहावे लागले. जून २०२२ मध्ये संसदेच्या समितीपुढे मुलीने साक्ष दिली, तेव्हा त्या हातात काय होते ते जगाला कळले. ती आल्याची गोळी होती. रात्रभर काम करणाऱ्या मुलीला आईने चघळायला दिलेली. डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीने, आरोपांचा प्रसार करणाऱ्या एका बड्या वकिलाविरुद्ध, त्या दोघींना १४ कोटी ८० लाख डॉलर भरपाई मंजूर केली. पण आपल्या नावाचा उच्चारही लोकांत करण्याचे भय वाटू लागले, हे त्यांचे दुःख पैशाने भरून येणारे नव्हते.

ज्याने पराभव मानला नाही त्याचे यात काय बिघडले? २०२४ मध्ये तो पुन्हा निवडून आला, आणि २० जानेवारी २०२५ रोजी पदग्रहणाच्या दिवशीच त्याने ६ जानेवारीच्या प्रकरणात खटले झालेल्या सुमारे १,५०० जणांना माफी वा शिक्षेत सूट दिली. मतदारांनी त्याला निवडले, तो त्यांचा हक्कच होता. पण १८७७ प्रमाणेच याही वेळी पराभव नाकारण्याची किंमत वरच्यांनी मोजली नाही. ती टेबलाशी बसून मते मोजणाऱ्या दोन बायकांनी मोजली. बारा वर्षांपूर्वी याच देशात एका कृष्णवर्णीयाच्या विजयाने लोक रडले होते. त्या विजयापुढे मान तुकवणारे जे भाषण त्या रात्री झाले, त्याकडे मात्र तेव्हा आपण सौजन्याचा एक प्रकार म्हणून पाहिले आणि सोडून दिले. मॅकेन २५ ऑगस्ट २०१८ रोजी निवर्तले. त्यांच्या इच्छेनुसार वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमध्ये श्रद्धांजलीची भाषणे करणाऱ्यांत दोन माजी अध्यक्ष होते. एक, २००० मध्ये पक्षांतर्गत लढतीत त्यांना हरवणारे बुश. दुसरे, २००८ मध्ये हरवणारे ओबामा.

६ जानेवारी २०२५ रोजी ती प्रथा पुन्हा पाळली गेली, हेही नोंदविले पाहिजे. उपाध्यक्ष कमला हॅरिस यांनी निवडणुकीनंतर दुसऱ्याच दिवशी पराभव स्वीकारला होता. त्या दिवशी संसदेत मोजणीच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या. प्रतिस्पर्ध्याची ३१२ मते त्यांनीच वाचली आणि आपली २२६ ही त्यांनीच वाचली. अर्ध्या तासाच्या आसपास सगळे आटोपले. कोणाला बातमीही वाटू नये इतके ते शांत होते.

आपण हे दुरून पाहिले आणि त्यावर मतेही दिली. पण हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. आपल्याकडे मोजणीच्या टेबलाशी कोण बसते? या पानाचे वाचकच बसतात: शिक्षक, तलाठी, कारकून. निवडणुकीच्या कामाचा आदेश आला की घरचे कार्य बाजूला ठेवून, मतदान यंत्र मांडीवर घेऊन जाणारी ही माणसे. आज आपण पाहतो की जो पक्ष एका राज्यात हरतो तो तेथील यंत्रावर शंका घेतो, आणि दुसऱ्या राज्यात जिंकला की त्याच यंत्राबद्दल चकार शब्द काढीत नाही. सत्तेवर असलेले विरोधकांच्या शंकेला हसतात. विरोधात बसले की तीच शंका स्वतः घेतात. पुरावा असेल तर तक्रार जरूर करावी, न्यायालयात जावे, फेरमोजणी मागावी. आयोगानेही शंकांना तत्परतेने आणि कागदोपत्री उत्तर द्यावे. तसे न करणारा आयोग हरणाऱ्याचे काम अवघड करतो. पण पुराव्यावाचून जेव्हा सबंध मोजणीलाच चोरी म्हटले जाते, तेव्हा तो आरोप दिल्ली-मुंबईच्या कोणा पुढाऱ्यावर बसत नाही. तो त्या केंद्रावर रात्रभर जागलेल्या शिक्षिकेवर बसतो, आणि दुसऱ्या दिवशी तिला त्याच गावात, त्याच मुलांना शिकवायचे असते.

ग्रामपंचायतीचा निकाल लागला की आपल्याकडे गुलाल उधळला जातो आणि मिरवणूक नेमकी हरलेल्याच्या दारावरून वाजतगाजत नेली जाते. हरलेला दार लावून आत बसतो. पुढची पाच वर्षे गावात दोन पाणवठे, दोन गणपती आणि दोन हरिनाम सप्ताह होतात. या रीतीत पराभूताच्या भाषणाला जागाच नाही. ती जागा आपण निर्माण केली पाहिजे, आणि तिची सुरुवात शाळेतल्या वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीपासून करता येईल. निवडून आलेल्या मुलाच्या टाळ्या होण्यापूर्वी हरलेल्याला उभे करून चार शब्द बोलू द्यावेत, आणि त्यालाही टाळ्या द्याव्यात. मुलांना हे जमते. आपल्यालाच ते शिकवायचे सुचत नाही.

आमचे ते शेजारी आज हयात नाहीत. २०२१ चा तो जानेवारी त्यांना पाहावा लागला नाही, याचे मला बरेच वाटते. मात्र २०२५ च्या जानेवारीत हॅरिस आपल्या पराभवाचा आकडा वाचीत होत्या, तेव्हा ते शेजारच्या खुर्चीत असायला हवे होते.